छत्तिसावा डबा

५ फेब्रुवारी, गुरुवार

प्रिय गुंडी,

खळ्ळ. मग क्षणभर काही नाही. मग पुन्हा खळ्ळ, पण जरा जाड.

आज दुपारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर बसलो होतो. शेजारच्याच्या खिशात किल्ल्या वाजल्या आणि एकदम तुझी आई ऐकू आली. शिवणयंत्रामागच्या फडताळासमोर उभी राहून एकेक डबा कानाशी धरून हलवणारी. छत्तीस डबे, आणि एकावर चिठ्ठी असेल तर शपथ! बिस्किटांचे, कोकोचे, औषधाचे, बुटाच्या पॉलिशचेसुद्धा. 'चिठ्ठ्या लाव' म्हणून मी जन्मभर तिच्या मागे लागलो. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस मी, मला प्रत्येक खणाला नाव लागतं. ती म्हणायची, "वाचायला डोळे लागतात, आणि माझे डोळे सुईत अडकलेले असतात. कान मोकळे आहेत." शिंपल्याचं बटण पातळ वाजतं, लाकडाचं बसक्या आवाजात, पितळी खणखणीत. कोटाला कुठला डबा, फ्रॉकला कुठला, हे तिचे कान सांगायचे. तुला दात येत होते तेव्हा खुळखुळा म्हणून त्यातलाच एक डबा तुझ्या हातात दिला होता. गुंडी हे नाव तिथून पडलं.

नऊ वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात डब्यांपासून. तुझ्या आईनं हा कागद पाहिला असता तर म्हणाली असती, "आधी ती कशी आहे ते विचारा." तर, कशी आहेस?

पत्ता तुझ्या कार्डावरून घेतला. तू घर बदललंस तेव्हा पाठवलं होतंस, 'नवीन पत्ता' आणि खाली सही, बास. मी उत्तर दिलं नाही. पण कार्ड आरशामागे खोचून ठेवलं, आणि रोज दाढी करताना त्याचा एक कोपरा दिसतो.

आता बातमी. बसून वाच. मी प्रोग्रामिंग शिकतोय. वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी वर्ग निघालाय, दर गुरुवारी दुपारी. शिकवणारी बाई असेल सव्वीस वर्षांची, पण आम्ही सगळे तिला 'बाई' म्हणतो आणि ती आम्हाला 'आजोबा-आजी' म्हणून दटावते. माझ्या शेजारी एक निवृत्त दाताचा डॉक्टर बसतो. कुणी जांभई दिली की तो आत डोकावून बघतो.

तू एकदा म्हणाली होतीस, "बाबा, तुम्हाला माझ्या कामाची भाषाच कळत नाही." मी उलट म्हणालो होतो, "ज्या भाषेत कविता होत नाही ती शिकून काय करू?" किती ऐटीत म्हणालो होतो ते! आज पहिला धडा झाला. यादी कशी करायची तो. चौकटी कंसात एकामागून एक नावं, मध्ये स्वल्पविराम. मी तुझ्या आईच्या डब्यांची यादी करायला घेतली आणि तीन डब्यांवर अडलो. आत काय आहे तेच आठवेना.

डब्यांवरून आठवलं. आई गेल्यावर तू आलीस, त्या संध्याकाळी तू विचारलं होतंस, "आई फोनवर म्हणाली होती, माझ्यासाठी एका डब्यात काहीतरी ठेवलंय. आहे का?" मी पाहून 'नाही' म्हणालो. खरं तर त्यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. असो.

तुझे
बाबा

१२ फेब्रुवारी, गुरुवार

गुंडी,

आज वर्गात माझी फजिती झाली.

धडा असा होता: यादी दिलेली आहे, एक गोष्ट विचारायची, आणि ती यादीत आहे की नाही ते यंत्रानं सांगायचं. तुला हसू येईल. पहिलीच्या मुलाला 'ग' गवताचा विचारावा तसलं हे तुझ्यासाठी. मी सात रंगांची यादी केली. पहिला तांबडा. यंत्राला विचारलं, तांबडा आहे का? 'आहे.' मी खूश. पिवळा? 'नाही.' निळा? 'नाही.' डोळ्यांदेखत यादीत निळा बसलेला, आणि हे बेटं 'नाही' म्हणतंय!

डॉक्टरनं मान पुढे काढली. कविता म्हणतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. "मास्तर, तुमचं मशीन एकच दात बघतं आणि म्हणतं, तोंडात कीड नाही. मी असा दवाखाना चालवला असता तर रोज जेवायला घरी गेलो असतो."

सगळे हसले. बाई माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, 'आहे' म्हणायला एक सापडलं की पुरतं. तिथेच थांबा, घरी जा. पण 'नाही' म्हणायचा हक्क शेवटचं पाहून झाल्यावरच मिळतो. यंत्र यादीवरून एकेक बघत जी फेरी मारतं, तुम्ही 'नाही' तिच्या पोटात लिहिलंय. त्यामुळे पहिलंच जुळलं नाही की ते 'नाही' म्हणून मोकळं होतं. पुढचं बघतच नाही." तिनं ती एक ओळ डावीकडे सरकवली, सगळ्यांच्या खाली नेऊन ठेवली. पुन्हा विचारलं. निळा? 'आहे.'

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. सगळे नवखे हीच चूक करतात."

मी पिशवी उचलून निघालो. डॉक्टरला वाटलं रागावलो. तो जिन्यापर्यंत मागे आला, "अहो मास्तर, गंमत केली!" त्याला काय सांगू?

गुंडी, मागच्या पत्रात मी लिहिलं की मी पाहून 'नाही' म्हणालो. ते तसं नव्हतं. फडताळाशी गेलो, हाताशी आला तो डबा उघडला. काळी बटणं होती, सदऱ्याची. झाकण लावलं आणि तुझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणालो, "नाही. तुझ्यासाठी काही नाही." पस्तीस डबे तसेच होते. तू दुसऱ्या दिवशी सकाळी गेलीस.

आमच्या चौथीच्या गुरुजींनी वर्गासाठी एक कविता रचली होती. पुस्तकात नव्हती, आम्ही ती घरोघरच्या फाटकांना हात लावत म्हणत जायचो:

एकेक दार उघडीत जा, एकेक घर पाहा रे,
शेवटल्या दारामागे कोण उभे आहे रे?

साठ-पासष्ट वर्षं ही मला तोंडपाठ आहे. पाठ असणं आणि उमगणं यात एवढं अंतर असावं!

बाबा

२० फेब्रुवारी, शुक्रवार

गुंडी,

डबे उघडायला घेतलेत. रोज चार. जास्त होत नाहीत, कारण प्रत्येकात बसून राहायला होतं.

रीत अशी ठेवलीय: आधी कानाशी धरून हलवायचा, ओळखायचं काय असेल, मग उघडून वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी चारपैकी एकही ओळखता आला नाही. काल दोन आले. पितळी तर आता मी झोपेतही सांगेन. एका डब्यात नुसती टिचबटणं होती, हलवल्यावर वाळूसारखी वाजली. एकात हूक आणि त्यांचे फासे एकमेकांत असे अडकले होते की सगळा गोळाच बाहेर आला, जुन्या नातेवाइकांसारखा. पॉलिशच्या डबीत खडूचे तुकडे, ती कापडावर खुणा करायची ते. बोटाला अजून पांढरं लागलंय, धुवावंसं वाटत नाही.

आठव्या डब्यात तुझ्या शाळेच्या गणवेशाची निळी बटणं निघाली. तू दर महिन्याला एक तरी हरवून यायचीस. आई म्हणायची, "ही मुलगी बटणं खाते की काय?" आणि तू तोंड उघडून दाखवायचीस, "बघ, नाही!" तेव्हाही तिनं नुसतं वरवर बघितलं नाही. जीभ उचलून बघितलं. दाताचा डॉक्टर झाली असती.

बाईला वर्गात म्हटलं, फेरी मारून शोधणं आता जमतंय. तर ती म्हणते, "आजोबा, हे एका छोट्या शब्दातही होतं. यादीत अमुक आहे का, एवढंच लिहायचं, उत्तर लगेच." मी चिडलो. म्हटलं, मग आठवडाभर माझ्याकडून घाम गाळून घेतलास तो कशाला? ती म्हणाली, "आत घाम तोच आहे. फक्त तो यंत्र गाळतं." पोरगी हुशार आहे. तिच्या वयाची असताना तू अशीच बोलायचीस, समोरच्याला न दुखवता गप्प करणारं.

तुझ्या जुन्या नंबरावर परवा फोन करून पाहिला. 'हा क्रमांक अस्तित्वात नाही' म्हणाली एक बाई, फार गोड आवाजात. तू नंबर बदललास ते ठीकच. मी कधी विचारलाही नव्हता.

अठ्ठावीस झाले. अजून तुझं काही नाही. पण मी 'नाही' म्हणत नाहीये, बरं का. 'अजून' म्हणतोय.

बाबा

२८ फेब्रुवारी, शनिवार

गुंडी,

डबे संपले.

वहीतली यादी काल वाचनालयात जाऊन यंत्रात घातली. खाली प्रश्न लिहिला: यात 'गुंडीसाठी' असं काही आहे का? उत्तर मला ठाऊक होतं, तरी बटण दाबलं. 'नाही' आलं. या वेळी 'नाही' योग्य जागी, सगळ्यांच्या खाली लिहिलेलं होतं. त्यावर वाद घालता येईना.

मग वाटलं, आता तुला लिहायला काय उरलं? आणि मग कळलं, जे उरलंय तेच लिहायचं होतं. इतके दिवस डब्यांच्या आड लपलो होतो.

तुझ्या आईनं त्या शेवटच्या आजारात सोमवारी सांगितलं होतं, "तिला बोलवा." मी म्हणालो, "उगाच पोरीला घाबरवू नकोस. तिचं काम असेल. दोन दिवसांत उठून बसशील." मंगळवारी ती पुन्हा म्हणाली. मी तिला कविता म्हणून दाखवली. तिचं लक्ष कवितेत नव्हतं, दाराकडे होतं. बुधवारी तिला बोलता येईना. गुरुवारी गेली. मी तुला फोन केला तो शुक्रवारी.

तू शनिवारी पोचलीस. दारातच आत्यानं तुला सुनावलं, "झाली का आता सवड?" मी तिथेच होतो, खांबाला टेकून. एक वाक्य बोलायचं होतं: 'तिला मी उशिरा कळवलं.' पाच शब्दही लागले नसते. मी गप्प राहिलो. तू माझ्याकडे पाहिलंस, मी जमिनीकडे. आणि संध्याकाळी तू डब्याचं विचारलंस तेव्हा तुझ्याकडे तोंड करायची माझी छाती नव्हती. म्हणून पाठ. म्हणून एकच डबा.

तुला वाटलं असेल बाबा रागावलेत. मी रागावलो नव्हतो, गुंडी. मी पकडला जाईन म्हणून भ्यायलो होतो.

आत्याला काल फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "दादा, आधी का नाही सांगितलंस? मी त्या पोरीला काय काय बोलले रे." आणि रडायला लागली.

तुझं उत्तर येत नाहीये. येऊ नये असंच सगळं आहे. तरी टपाल येण्याच्या सुमाराला मी फाटकाशी काहीतरी काम काढतो. फाटकाच्या बिजागऱ्यांना इतकं तेल घातलंय की ते आता वाऱ्यानंही उघडतं.

बाबा

६ मार्च, शुक्रवार

गुंडी, गुंडी,

सापडलं!

काल वर्गात बाईला माझी यादी दाखवली. शोधून 'नाही' आलं असं सांगितलं. तिनं यादीखाली एक ओळ लिहिली, यादीत किती आहेत ते मोजणारी. आकडा आला पस्तीस.

"आजोबा, छत्तीस डबे म्हणाला होतात ना?"

"एक रिकामा आहे. त्यात काय लिहायचं?"

"उघडून पाहिलात?"

मी म्हणालो, "पाहायचं काय त्यात? वाजतच नाही." आणि म्हणता म्हणता माझं मलाच ऐकू आलं. पलीकडून डॉक्टर म्हणाला, "मास्तर, जो दात दुखत नाही तोच आतून पोखरलेला असतो. जा, जा घरी."

कोकोचा डबा. सगळ्यात खालच्या खणात, भिंतीकडे सरकवलेला. झाकण इतकं घट्ट की चमच्याच्या दांड्यानं उचकटावं लागलं. आत कापूस, ठासून भरलेला, वाजू नये म्हणून. आणि कापसात गुंडाळलेली पांढऱ्या अस्तराच्या कापडाची पट्टी, दीड हात लांब.

तिच्यावर बटणं शिवलीयत. एकोणीस. पहिलं डाळिंबाच्या दाण्याएवढं, तुझ्या झबल्याचं. मग पिवळ्या फ्रॉकचं, त्याच्या कडेवर तुझे दात उमटलेले आहेत. गणवेशाचं निळं. नाटकात राजा झाली होतीस त्या अंगरख्याचं सोनेरी. मी एकेक ओळखत गेलो, एकही चुकलो नाही. शेवटचं करडं, मोठं. तू नोकरीला निघालीस तेव्हाच्या कोटाचं. तुला आठवतं, निघताना आई म्हणाली होती, "थांब, हे सैल झालंय, दुसरं लावून देते"? सैल नव्हतं, गुंडी. तिला ते हवं होतं.

आणि त्या करड्या बटणापुढे पट्टी संपत नाही. पुढे खडूच्या खुणा आहेत, सारख्या अंतरावर, सहा. तू येशील त्या त्या वेळच्या कपड्यांसाठी. कापसात होत्या म्हणून पुसल्या गेल्या नाहीत. शेवटच्या खुणेशी सुई टोचलेली आहे, दोऱ्यासकट.

रात्रभर मला एकच वाटत राहिलं. तिच्या कानांना सगळ्यात सोपा हाच डबा असणार. पस्तीस वाजणारे, एक न वाजणारा. तिला तो शोधावा लागतच नव्हता.

मी पट्टी पुन्हा तशीच गुंडाळून ठेवलीय. कोपऱ्यावरच्या सुताराला डब्याच्या मापाची लाकडी पेटी सांगितलीय, म्हणजे टपालात चेपणार नाही. तो शनिवारी, १४ ला देतो म्हणालाय. सोमवारी, १६ ला पोस्टात टाकीन, तुझ्या पत्त्यावर. तू उत्तर देऊ नकोस हवं तर. पण पेटी परत पाठवू नकोस. ती माझी नाहीये.

बाबा

१५ मार्च, रविवार

गुंडी,

पेटी समोर आहे. सुतारानं छान केलीय, झाकणाला दोन छोट्या बिजागऱ्याही लावल्यात. हे पत्र पेटीतच घालायचं म्हणून आखूड लिहायला बसलो. पत्ता मोठ्या अक्षरात लिहून झालाय, कार्डावरून दोनदा ताडून. आता फक्त

दार वाजलं. रविवारी कोण? थांब, आलो.

आलो. गुंडी, घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून घे.

दारात एक बाई होती. पन्नाशीची, अंगावर प्रवासाचा चुरगळलेला कोट, बाह्यांवर पिठाचे डाग. मी तिला कधी पाहिलेलं नाही. दार उघडताच तिनं नमस्कार नाही की नाव नाही, धापा टाकतच विचारलं, "डबा पाठवला नाहीत ना अजून?"

मी म्हणालो, "तुम्ही कोण?"

तिनं पिशवीतून रबरात बांधलेली पत्रं काढली. माझी. पाचही. "मी त्या घरात राहते," ती म्हणाली. "चार वर्षं झाली. तुमची मुलगी तिथे नाही, आजोबा."

ती आता समोरच्या खुर्चीवर बसून पाणी पितेय. बेकरीत कामाला आहे, काल पाळी संपल्यावर थेट गाडीत बसली. मी लिहितोय ते तिला चालतंय. "लिहा लिहा," म्हणाली, "मला तुमच्या लिहिण्याची सवय झालीय."

पहिलं पत्र तिनं परत पाठवायचं म्हणून फोडलं, आतून पत्ता बघायला. मग वाचत गेली. "तीनदा कार्ड घेऊन बसले. 'ती इथे राहत नाही' एवढंच लिहायचं होतं. पण तुम्ही तिकडे एकेक डबा उघडताय, आणि मी इथून 'नाही' कळवू? एकाही दारावर न विचारता?" म्हणून ती बेकरीतून आल्यावर रोज इमारतीतली दारं वाजवत गेली. इमारतीत एकूण अठ्ठावीस दारं. "तुमची ती कविता म्हणत म्हणत," ती म्हणाली आणि लाजली.

सव्विसाव्या दारामागे एक म्हातारी होती, ऐकू कमी येणारी. तिला तीनदा ओरडून सांगावं लागलं. मग ती आत गेली आणि वीजबिलांच्या चिमट्यातून एक घडी केलेला कागद काढून घेऊन आली.

तो कागद आता माझ्या पेटीवर आहे. वरच्या बाजूला तुझा नवा पत्ता. खाली तुझ्याच अक्षरात एक ओळ आहे, चार वर्षांपूर्वीची. ती मी इथे उतरवतो, तुला आठवत नसेल तर:

'बाबांचं पत्र आलं, तर इथे पाठवा.'